बेकेशचाबा : कोल्बासचं गाव

बुडापेस्टहून आग्नेयेला निघालेली आगगाडी तीनेक तासांत बेकेशचाबाला पोचते. वाटेत डोंगर नाही की टेकडी नाही, नजर पोचेल तिथवर सपाट काळी शेतं. रोमानियाची सीमा इथून जवळच आहे. साठ हजारांहून कमी वस्तीचं हे शहर एरवी परदेशी पर्यटकांच्या गावीही नसतं. ऑक्टोबरात मात्र इथे माणसांची रीघ लागते, कारण १९९७ पासून या दिवसांत इथे कोल्बासचा उत्सव भरतो. कोल्बास म्हणजे डुकराच्या मांसाचं, पाप्रिका मिरचीनं लालभडक झालेलं सॉसेज.

तुर्की अमदानीत ओस पडलेलं हे गाव १७१८ पासून स्लोव्हाक ल्युथरन शेतकऱ्यांनी पुन्हा वसवलं. त्यांनी बांधलेलं भव्य चर्च आजही गावाच्या मध्यभागी उभं आहे. चित्रकार मुंकाची मिहाय याचं बालपण इथेच गेलं आणि गावातलं संग्रहालय त्याच्याच नावाचं आहे. एवढी माहिती कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत सापडते. कोल्बासची गोष्ट कळायला मात्र उत्सवाच्या दिवसांत सकाळीच गावच्या क्रीडागृहातल्या लांबलचक टेबलांशी जाऊन उभं राहावं लागतं.

टेबलांभोवती अ‍ॅप्रन बांधलेले संघ असतात: कुठे एकाच घरातले, कुठे एका कचेरीतले, तर कुठे शेजारच्या गावचे. समोर जाडसर दळलेल्या मांसाचा ढीग. मीठ, गोड आणि तिखट पाप्रिका, शहाजिऱ्याच्या जातीचं कॅरवे आणि ठेचलेला लसूण, मसाला एवढाच. पण प्रमाण ज्याचं त्याचं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. काही जण लसूण ठेचून पाण्यात भिजवतात आणि गाळलेलं ते पाणीच मांसात घालतात. मग मळणं सुरू होतं. संघातल्या वडीलधाऱ्याचे हात कोपरापर्यंत लाल होतात. मध्येच तो मूठभर मिश्रण तळव्यावर थापून हात उलटा करतो. गोळा खाली पडला, तर अजून मळायचं. हाताला चिकटून राहिला, तर झालं. तेवढ्यानंही समाधान होत नाही. एक छोटी टिकिया तव्यावर परतून सगळे चाखतात, मान हलवतात, वाद घालतात आणि पुन्हा चिमूटभर मीठ पडतं. नंतर एक जण भरणीयंत्राचा दांडा फिरवतो, दुसरा ओल्या आतड्याला हलक्या हातानं वाट देतो आणि हवेचा फुगा दिसला की सुईनं टोचतो. ही सगळी जाण बोटांत मुरलेली असते.

मिरची हंगेरीत पोचली ती तुर्कांच्या राज्यात. आपल्याकडे गोव्यात ती पोर्तुगिजांनी आणली. गोव्यानं डुकराच्या मांसाला मिरचीबरोबर व्हिनेगरची जोड दिली, चाबाकरांनी, म्हणजे बेकेशचाबाच्या लोकांनी, धुराची. अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या ज्युला गावाचंही स्वतःचं कोल्बास आहे. तिथल्या बालोग योझेफ यांना १९१० मध्ये आणि श्टेबेर्ल आंद्राश यांना १९३५ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यासाठी गौरवलं गेलं. चाबाकरांना मात्र आपलंच तिखट कोल्बास सरस वाटतं. २०१० मध्ये युरोपीय संघानं दोन्हींना भौगोलिक मानांकन दिलं, पण वाद काही मिटलेला नाही.

उत्सव ऑक्टोबरात असला, तरी या विद्येचं मूळ हिवाळ्यात आहे. शीतकपाट नसलेल्या काळात ३० नोव्हेंबरच्या संत आंद्राशच्या दिवसापासून थंडीचा भरवसा धरून घरोघरी डुक्कर कापलं जाई. पहाटे पालिंका या फळांच्या कडक दारूचा घोट, अंगणात जाळलेला पेंढा, मदतीला शेजारपाजार. दिवसभरात सॉसेज भरली जात, कण्याच्या हाडांचं सूप शिजे आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडे ताज्या मांसाचा, सॉसेजचा वानवळा जाई. धुरी दिलेलं कोल्बास मग उन्हाळ्यातल्या कापणीपर्यंत पुरवून खायचं.

ही अंगणं आता रिकामी होत चालली आहेत. १९८० च्या दशकात हंगेरीत एक कोटीच्या आसपास डुकरं होती. आज ती तीस लाखांहूनही कमी आहेत. घरी डुक्कर पाळणारे म्हातारे झाले, मुलं शहरांत गेली, आणि दुकानात तयार कोल्बास बारमाही मिळतं. ज्यांच्या घरच्या अंगणात हे काम कधी झालंच नाही, त्या तरुणांना मळण्याची परीक्षा अशा टेबलापाशीच शिकायला मिळते. म्हणूनच उत्सवातला गाण्यांच्या मंचांचा, बिअरच्या तंबूंचा आणि खेळण्यांच्या दुकानांचा पसारा खटकतो. ध्वनिवर्धकाच्या दणदणाटात आजोबांनी नातवाला सांगितलेलं ऐकू येणार कसं? आयोजकांनी निदान सकाळचे काही तास तरी टेबलांना शांतता द्यावी.

तिथे जायचं ठरवलंत, तर संध्याकाळच्या गाण्यांसाठी थांबू नका. सकाळी लवकर क्रीडागृह गाठा आणि एखाद्या टेबलाशी निवांत उभे राहा. तव्यावरची पहिली टिकिया कुणी पुढे केली, तर संकोच न करता घ्या.