प्रोसेसर रिकामा, डिस्क बेजार

कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवला तर आतून अकरा वर्षांची धूळ निघाली. पंख्याच्या पात्यांवर तिचा असा थर बसला होता की ब्रश लावताच पापुद्रा सुटून आला. घरच्या या डेस्कटॉपचं बटण दाबून चहा टाकायला जायचं, तर चहा गाळून आणला तरी पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण फिरतच असायचं. दुरुस्तीवाल्यानं निकाल दिला होता, ‘साहेब, भंगारात द्या, नवीनच घ्या.’ भाचा म्हणाला, ‘मामा, आधी टास्क मॅनेजर तर उघड.’ उघडला. प्रोसेसर सात टक्के, डिस्क शंभर टक्के.

जुन्या हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. वाचणारा दांडा नेमक्या वर्तुळावर सरकायला आठेक मिलिसेकंद घेतो आणि हवी ती जागा त्याच्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी चार. एकूण बारा. आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३ कोटी ६० लाख ठोके पडतात. त्याचा एक ठोका आपला एक सेकंद धरला, तर ही वाट ४१६ दिवसांची होते! त्याच हिशेबात रॅममधून माहिती यायला चारेक मिनिटं लागतात, म्हणजे खाली वाण्याकडे जाऊन साखर आणण्याएवढी. हार्ड डिस्ककडे या दिवाळीला मागितलेली साखर मात्र पुढची दिवाळी उलटल्यावर मिळणार.

म्हणून या डिस्कच्या जोडीला एसएसडी बसवली. तिला हे अंतर साडेतीन दिवसांच्या आसपास आणता येतं, कारण तिच्यात फिरणारं काहीच नाही. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. विद्युतरोधक थरांनी वेढलेल्या इवल्याशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि वीज गेली तरी तिथेच राहतात. दर वेळी लिहिताना-पुसताना तो थर थोडा झिजतो, हा तिचा दोष. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखड करून सांगते, एसएसडी अनेकदा काही न बोलता जाते. म्हणून फोटोंची एक प्रत मी जुन्या चकतीवरच ठेवली आहे.

डिस्क बेजार होण्यात रॅमचाही हात होता. ती फक्त ४ जीबी. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती भरायची आणि उरलेलं सामान विंडोज डिस्कवर ढकलायची. दुसरी पट्टी घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. कुणी म्हणत नाही.) काउंटरवर पहिला प्रश्न, ‘डीडीआर थ्री की फोर?’ उगाच नाही विचारत. थ्रीच्या पट्टीला २४० पिना, फोरला २८८ आणि खाचही वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. धातूचे दोन गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. मधल्या फटींत हवा राहिली की उष्णता अडते. पेस्ट त्या फटी बुजवते, म्हणून मटाराएवढी पुरे. भाच्यानं आधी पोळीला तूप लावावं तशी लावली होती, पुसायला लावली.

विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि चौथ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. लिनक्स मिंट टाकलं. सुरू झालं, इंटरनेट चालू, पण बँकेचं पान काही केल्या उघडेना. नेटवाल्याला फोन करून झाला, केबल बदलून झाली. मग भाच्यानं कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं, तिथे २०१४ साल. घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि या संगणकाच्या लेखी बँकेचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे सीआर२०३२ मागितला. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२. त्यानं खण उघडून न बघताच हातावर ठेवला.