शिदोरीत काय बांधलंय?

रात्री साडेअकराला कळंबोलीच्या लोखंड बाजारातली शटरं खाली आलेली असतात, पण रस्ता जागाच असतो. पुण्याच्या द्रुतगती मार्गाकडे, जेएनपीटी बंदराकडे वळणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न सर्व्हर-रूमच्या बंद दारातूनही ऐकू येतात. एका व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर त्या रात्री आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा कर्नल चढवायचा होता. सकाळी सातला वजनकाट्याच्या पावत्या याच मशीनवरून निघणार होत्या.

अपडेट सुरळीत झालं. रीबूट दिला. मेमरीची तपासणी झाली, फायबर कार्डांनी स्टोरेज शोधलं, कर्नलच्या ओळी धावू लागल्या आणि एका जागी अडल्या. बऱ्याच वेळाने पडद्यावर ड्रॅकट या साधनाचा आणीबाणीचा प्रॉम्प्ट आला : मूळ डिस्क सापडत नाही.

"सर, स्टोरेजच गेलं वाटतं." माझ्या तरुण सहकाऱ्याचा चेहरा उतरला होता.

"आधी डिस्क दिसतायत का बघ."

दिसत होत्या. एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी. चारही एकाच मापाच्या. खरं तर डिस्क एकच होती. सर्व्हरची दोन कार्डं आणि स्टोरेजचे दोन कंट्रोलर, म्हणून तिच्यापर्यंत पोचायच्या वाटा चार. एक तुटली तरी काम थांबू नये यासाठी ही सोय. मल्टिपाथ नावाचा प्रोग्रॅम चारही वाटांवरून मिळणारा ओळख क्रमांक ताडून बघतो आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव देतो : एमपाथए. बूटच्या ओळीत तेच नाव लिहिलेलं होतं. कर्नल त्या नावाची वाट बघत बसला होता आणि नाव ठेवणारा मल्टिपाथच जागेवर नव्हता.

मूळ डिस्क हाती येईपर्यंत कर्नलला इनिटरामएफएस नावाच्या शिदोरीवर निभवावं लागतं. लागतील तेवढेच ड्रायव्हर आणि साधनं तिच्यात असतात. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रॅकट ती नव्याने बांधतो. जे बांधलं नाही, ते वाटेत मिळत नाही.

ग्रब या बूटलोडरच्या यादीतून जुना कर्नल निवडला. मशीन निमूट उठलं. "म्हणजे नवा कर्नलच खराब," सहकारी म्हणाला. तसं वाटणं साहजिक होतं. पण दोन्ही शिदोऱ्या उघडून यादी बघितली, तेव्हा जुनीत मल्टिपाथ होता, नवीत नव्हता. ड्रॅकटच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल सापडली. मल्टिपाथ वगळा, अशी एकच ओळ तिच्यात होती. कुणीतरी चाचणीपुरती लिहिली असावी आणि ती तशीच राहिली. जुनी शिदोरी त्याआधीची, म्हणून शाबूत. अपडेटने फक्त ती ओळ पहिल्यांदा अमलात आणली.

सहकाऱ्याने ड्रॅकटची आज्ञा टाइप केली. एंटर दाबणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. आज्ञेत कर्नलची आवृत्ती लिहिली नाही, तर चालू असलेल्या कर्नलचीच शिदोरी पुन्हा बांधली जाते. ती फाइल अजून जागेवर होती. म्हणजे उठणारा एकमेव कर्नलही आम्ही गमावला असता. घाईतली माणसं इथेच फसतात. आधी जुन्या शिदोरीची प्रत काढली. मग ती ओळ पुसली, आवृत्ती स्पष्ट लिहून नवी शिदोरी बांधली आणि रीबूटच्या आधी ती उघडून मल्टिपाथ आत असल्याची खात्री केली.

पावणेतीनला नवा कर्नल उठला. मल्टिपाथच्या यादीत एमपाथएखाली चारही वाटा चालू दिसल्या. तरी मी एक फायबर केबल उपसायला सांगितली. सहकारी बिचकला, पण त्याने ती काढली. यादीत एक वाट बंद पडली, तीन चालू राहिल्या, मशीन जराही अडलं नाही. केबल परत लावल्यावर चौथीही आली.

निघण्याआधी त्याने रजिस्टरमध्ये नोंद केली : कुठली ओळ काढली, का काढली, कुणी काढली. ती जुनी ओळ लिहिणाऱ्याने एवढंच केलं असतं, तर आमची रात्र वाचली असती. खाली उतरलो तेव्हा वजनकाट्यासमोर पहिला ट्रेलर येऊन उभा होता.