मोडीत निघालेल्या वस्तूंचं घर

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शनिवारवाडा पाहून आलेले पर्यटक इथे शिरताच मस्तानी महाल कुठे आहे ते विचारतात. महाल पाहण्यासारखा आहेच. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वास्तूचे उरलेले भाग संग्रहालयाचे संस्थापक दिनकर केळकर, म्हणजे ‘काका’, यांनी इथे आणून एका दालनात पुन्हा उभे केले. तरी माझा आग्रह असा, की महाल सगळ्यात शेवटी पाहावा. या संग्रहालयाचं मोठेपण अडकित्ते, समया, खवण्या, दौती आणि टाचा घासायच्या वज्र्या यांच्यात आहे, आणि ते ताज्या डोळ्यांनी पाहायला हवं.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे मुळात कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. पोटापाण्याला चष्म्यांचा व्यवसाय. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात जे दिसतं, त्यामागे निजामाच्या दिवाणांच्या घराण्याची दौलत होती. केळकरांकडे तसलं काही नव्हतं. साधारण १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीने राहिल्या. एकुलता एक मुलगा, राजा, बालवयातच गेला. पुढे संग्रहाला त्याचंच नाव दिलं गेलं. १९६०पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात पोचली होती. १९६२मध्ये रीतसर संग्रहालय झालं आणि १९७५मध्ये केळकरांनी ते सगळं महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केलं. आयुष्यभर एकेक करून गोळा केलेलं, मुलाच्या नावाचं धन हयातीतच देऊन टाकणं, याचा विचार करताना मला आजही भरून येतं.

त्यांनी कोणत्या काळात हा संग्रह केला, ते लक्षात घेतलं पाहिजे. विजेचे दिवे आले तशा समया देवघरापुरत्या उरल्या आणि लामणदिवे माळ्यावर गेले. पुढे स्टेनलेस स्टील आलं. कल्हईची कटकट नको म्हणून पितळेची भांडी वजनावर मोडीत गेली. वाडे पडायला लागले, कोरीव दारं आणि तुळया लाकडाच्या भावाने निघाल्या. तलवार किंवा सनद असली तर ती जपावी एवढं लोकांना कळत होतं, कारण तिच्याशी घराण्याची प्रतिष्ठा बांधलेली असते. आजीची खवणी कोण जपणार? ती जपण्याजोगी आहे, हे केळकरांना दिसलं. त्यांच्यातल्या कवीचा या नजरेत मोठा वाटा असावा, असं मला वाटतं.

अडकित्त्यांपाशी भरपूर वेळ द्यावा. यंत्र म्हणून अडकित्ता अगदी साधा: खिळीवर फिरणारे दोन दांडे, वर पातं, खाली सुपारी धरायला जागा. पातं कसं असावं, खीळ कुठे असावी, हे सुपारीचा कठीणपणा आणि हाताचा जोर ठरवतात. तिथे कारागिराला फारशी मोकळीक नाही. मोकळीक आहे ती दांड्यांच्या आकारात, आणि तिथे त्याने काय काय केलं आहे! पोपट, मोर, घोडा, स्वार, स्त्री-पुरुषांची जोडी. वरचा दांडा उचलला की पोपटाची चोच उघडते आणि सुपारी त्या चोचीतच फुटते. एकच अडकित्ता पाहिला तर आपण ‘छान आहे’ म्हणून पुढे जातो. शेजारीशेजारी इतके ठेवलेले पाहिले की कळतं, प्रत्येकाने तोच प्रश्न घेतला आणि वेगळ्या रीतीने सोडवला. एकाच प्रकारच्या पुष्कळ वस्तू जमवण्याचा अर्थ मला इथे उमगला.

दिव्यांचंही तसंच. समई, निरांजन, लामणदिवा, हातात दिवा घेतलेली दीपलक्ष्मी. जुन्या लामणदिव्यांचा एक प्रकार मोठा बुद्धीचा असतो: पक्ष्याचं किंवा हत्तीचं अंग पोकळ, त्यात तेल साठवलेलं. खालच्या तबकातली पातळी उतरली की हवा आत शिरते आणि तेवढंच तेल खाली येतं. पातळी चढली की वाट आपोआप बंद. वात रात्रभर जळावी, कुणाला उठून तेल घालावं लागू नये, एवढ्यासाठी हवेच्या दाबाचा हा उपयोग.

वज्री हा शब्द आता कित्येक घरांत नव्या पिढीला सांगावा लागतो. आंघोळीच्या वेळी टाचांचा मळ काढायची खरखरीत बुडाची वस्तू, एवढंच तिचं काम. इथल्या वज्र्या धातूच्या, नक्षीच्या, वर पक्षी किंवा प्राणी बसवलेल्या. काहींच्या पोटात खडे, म्हणजे घासताना नाद व्हावा. बंद न्हाणीघरात, कुणी पाहणारं नसताना वापरायच्या वस्तूवर एवढी मेहनत! फण्या, कुंकवाचे करंडे, काजळाच्या डब्या, स्वयंपाकघरातली साधनं पाहताना लक्षात येतं, की इथला मोठा भाग बायकांच्या हाताळणीतला आहे. बखरींत आणि कागदपत्रांत या बायका क्वचितच भेटतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला त्यांचा दिवस कसा जाई, याचा इतका सलग पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

खासगी संग्रहाची एक मर्यादाही सांगायला हवी. वस्तू बाजारातून किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हातून येते, तेव्हा तिचं गाव आणि घर मागेच राहतं. केळकरांनी मिळवलेली चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत आख्यान गाण्याच्या परंपरेतली चित्रं हे याचं उत्तम उदाहरण. ती पैठण परिसरात मिळाली म्हणून अभ्यासकांत ‘पैठण चित्रं’ हे नाव रूढ झालं. तशाच परंपरेतल्या पोथ्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडेही आहेत, आणि तिथे ती आख्यानं अजून गायली जातात. नावावरून मात्र ती पैठणचीच असं वाचणाऱ्याला वाटत राहतं.

संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. तीन मजल्यांच्या त्या अरुंद वास्तूत याहून जास्त मावणारही नाही. मोठी जागा कधी मिळाली, तर माझी पहिली मागणी चित्रकथीची असेल. ही चित्रं सुटी पाहायची नसतातच. पाठीला पाठ चिकटवलेली पानं एकामागून एक उलटत, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर रामायण-महाभारतातलं आख्यान सांगायचं असतं. एक अख्खी पोथी भिंतीवर क्रमाने लावावी आणि पिंगुळीच्या कलावंतांना बोलावून ती तिथे लोकांसमोर गायला लावावी.