नवखं गिऱ्हाईक सांभाळू की मुरलेलं? गेम बनवणाऱ्यांकडून शिकलेले चार धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गेमचा विषय काढला, तेव्हा काही जणांना वाटलं असेल की दादा दुकान सोडून आता गेम खेळायला लागले की काय! थांबा, सांगतो. आधी माझ्याच दुकानातला किस्सा ऐका.

माझं केक मटेरियलचं दुकान आहे. पहिल्या वर्षी सगळी मांडणी मी होम बेकर मंडळींसाठी केली होती. नोझल नंबरप्रमाणे, चॉकलेट ब्रँडप्रमाणे. काय कशासाठी लागतं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मुलाच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच घरी केक करणारी एखादी आई यायची, पाच मिनिटं इकडेतिकडे बघायची आणि "नंतर येते हं" म्हणून जायची. ती परत काही यायची नाही.

दुसऱ्या वर्षी मी उलटं टोक गाठलं. दर्शनी भागात तयार केक किट लावले, नवीन माणसाला काउंटरवर सगळं समजावून सांगायला लागलो आणि मोठी पाकिटं मागे गोडाउनमध्ये टाकली. गर्दी वाढली. मी खूश! मग एक दिवस लक्षात आलं की दर मंगळवारी येणाऱ्या एक ताई महिनाभर दिसल्याच नाहीत. पुढे त्या भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. माझं काम दोन मिनिटांचं असतं. तुम्ही समोरच्याला क्रीम कसं फेटायचं ते शिकवत बसता आणि तिकडे माझ्या ऑर्डरची वेळ होते."

बीबीएला मार्केट सेगमेंटेशनवर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं एकाच दरवाजातून आत आली तर काय करायचं? हा प्रश्न गेम बनवणारे पन्नास वर्षांहून जास्त काळ सोडवतायत. कधीतरी टाइमपास म्हणून खेळणारा आणि रोज तासन् तास खेळणारा, दोघांनाही तोच गेम विकायचा असतो. त्यांनी काय केलं ते बघू.

धडा १ : दार सोपं ठेवा, खोली आत ठेवा

१९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन आणलं. यान फिरवायला वेगळी बटणं, पुढे ढकलायला वेगळं, गोळी मारायला वेगळं, आणि वर वाचायला लांबलचक सूचना. बारमध्ये निवांत बसलेला माणूस एवढं कशाला वाचेल? फारसं चाललं नाही.

पुढच्याच वर्षी त्यांच्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' बनवला. एक चेंडू, दोन बाजूंना दोन फळ्या आणि फिरवायला एक गोल खटका. बघता क्षणी कळतं! पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवलं. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न जाऊन बघतात तर काय, नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

पण गंमत पुढेच आहे. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग पाडले होते. चेंडू कुठल्या भागाला लागतो, त्यावर तो कोणत्या कोनात परत जाणार हे ठरायचं. शिवाय खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढायचा. नवख्याला यातलं काहीच माहीत नसलं तरी चालायचं, आणि मुरलेल्याला मात्र हात बसवायला भरपूर वाव होता. शिकायला सोपं आणि तरबेज व्हायला अवघड, हे सूत्र बुशनेल यांच्याच नावाने ओळखलं जातं.

धडा २ : मदत ठेवा, पण अडलेल्यालाच पुढे करा

निन्टेन्डोचा २००९ सालचा 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' घ्या. यातल्या काही लेव्हल भल्याभल्यांचा घाम काढतात. एकटे खेळताना एखाद्या लेव्हलमध्ये तुम्ही आठ वेळा मेलात की एक हिरवा ठोकळा दिसू लागतो. त्याला मारलं की मारिओचा भाऊ लुइजी येतो आणि लेव्हल खेळून दाखवतो. मध्येच तुम्ही सूत्रं हातात घेऊ शकता, किंवा ती लेव्हल सोडून पुढे जाऊ शकता.

आता मुरलेल्या खेळाडूचं काय? त्याच्यासाठी प्रत्येक लेव्हलमध्ये तीन मोठी नाणी लपवलेली असतात. ती लुइजी गोळा करून देत नाही, स्वतःच मिळवावी लागतात. आणि ज्याच्या खेळात तो हिरवा ठोकळा एकदाही आला नाही, त्याच्या सेव्ह फाइलवरचे तारे चमकतात. बस, एवढंच! पण खेळणाऱ्याला त्याचं केवढं अप्रूप.

लेव्हल दोघांसाठी एकच आहे, ती कोणासाठी सोपी केलेली नाही. मदत अडलेल्याच्याच समोर येते, आणि ज्याला नको आहे त्याच्या वाटेत ती आडवी येत नाही. मी नेमकं इथेच चुकलो होतो. माझा हिरवा ठोकळा मी दुकानाच्या दारातच ठेवला होता!

धडा ३ : आकडा तोच, पण शब्द बदला

२००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्याच्या चाचणीच्या काळात बनवणाऱ्यांना एक भीती होती. दिवसभर खेळणारे इतके पुढे निघून जातील की आठवड्यातून दोनदा खेळणारा कंटाळून सोडून देईल. म्हणून त्यांनी नियम केला की खूप वेळ सलग खेळलं तर मिळणारे गुण निम्मे होणार. खेळाडू भडकले. आम्हाला शिक्षा कसली करता?

मग कंपनीने केलं काय, तर सगळी मांडणी उलटी केली. जो विश्रांती घेऊन येईल, त्याला राक्षस मारल्यावर काही काळ दुप्पट गुण. तो साठा संपला की नेहमीचे गुण. आकडेमोड जवळपास तीच! पण निम्मे व्हायचे ते गुण आता 'नेहमीचे' झाले आणि पूर्वीचे नेहमीचे आता 'बोनस' झाले. ओरड थांबली.

माझ्या दुकानात पाटी होती : 'सुट्ट्या मालाला १० रुपये जास्त'. नवीन माणूस ती वाचून नाक मुरडायचा. मी सुट्ट्याचाच भाव मूळ भाव म्हणून लावला आणि पाटी बदलली : 'पूर्ण पाकिटावर १० रुपये सूट'. हिशोब तोच राहिला. नवीन माणसाची कुरकुर संपली आणि जुन्याला वाटलं, आपली कदर होतेय.

धडा ४ : नुसत्या गर्दीवर विसंबू नका

२००६ साली निन्टेन्डोने 'वी' आणला. हातातला रिमोट हलवून घरातले आजी-आजोबासुद्धा टेनिस खेळू लागले. दहा कोटींहून जास्त मशीन विकली गेली. २०१२ मध्ये त्याचा पुढचा अवतार 'वी यू' आला आणि जेमतेम एक कोटी पस्तीस लाखांवर अडकला. कारणं अनेक होती. नावाने लोकांचा गोंधळ झाला, चांगले गेम कमी आले. पण एक कारण आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे : तोवर टाइमपास खेळणाऱ्यांच्या हातात स्मार्टफोन आला होता.

नवखं गिऱ्हाईक जितक्या सहज येतं, तितक्याच सहज दुसरीकडे जातं. आणि मुरलेल्याला तुम्ही तोवर दुखावलेलं असेल, तर हाती काहीच उरत नाही.

मग मी काय बदललं?

कपाटांवर सरळ मराठीत लिहिलं : 'पहिला चॉकलेट केक? हे पाच डबे घ्या'. समजावून सांगायला एक मुलगी बाजूच्या टेबलावर बसवली, काउंटरपासून लांब. नेहमीच्या लोकांसाठी व्हॉट्सॲपवर ऑर्डर सुरू केली. पिशवी तयार असते, पैसे द्या आणि निघा. नवीन रंग किंवा नोझल आले की आधी त्यांना फोटो जातो.

त्या मंगळवारच्या ताई परत आल्या का? आल्या. पण आता निम्मा माल त्या दुसरीकडून घेतात. ती सवय त्यांना मीच लावली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहिलं.

तुमचा गृहपाठ : उद्या एक वही घ्या. डाव्या बाजूला लिहा, पहिल्यांदाच आलेला माणूस तुमच्याकडे कुठे अडतो. उजव्या बाजूला लिहा, रोज येणाऱ्याचा वेळ कुठे वाया जातो. दोन्हीकडची एकेकच गोष्ट निवडा आणि या आठवड्यात दुरुस्त करा. आणि जे जुनं गिऱ्हाईक महिनाभर दिसलं नाही, त्याला आजच फोन लावा. मंडईत भेट होण्याची वाट बघू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!