मंडालेचा दरबार ते रत्नागिरीची कचेरी

रत्नागिरीला आलेला पाहुणा थिबा पॅलेस पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. तांबूस इमारत, नक्षीदार लाकडी खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानी, खाली भाट्याची खाडी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इथे स्थानबद्ध होता, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण ज्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील बसत असे, त्या राजाची देखरेख कोकणातल्या जिल्ह्याच्या कारभारात कशी आली?

त्याचे उत्तर इंग्रजांच्या नेमणुकांच्या पद्धतीत आहे. हिंदुस्थान सरकारचे स्वतःचे परराष्ट्र खाते होते आणि त्याची माणसे लंडनच्या राजनैतिक सेवेतून येत नसत. ती सनदी सेवेतून आणि लष्करातून उचलली जात. आज जिल्ह्याचा कारभार पाहणारा साहेब उद्या एखाद्या संस्थानात रेसिडेंट होई आणि परवा इराणच्या आखातात किंवा काशगरला जाई.

महाराष्ट्राने ही पद्धत फार जवळून पाहिली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८ मध्ये काबूलच्या शहाकडे वकिलातीवर निघाला, १८११ मध्ये पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला आणि पेशवाई बुडताच त्याच मुलखाचा कमिशनर. १८१९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या हाताखाली अहमदनगरचा कलेक्टर असलेला हेन्री पॉटिंजर पुढे कच्छ आणि सिंधमध्ये गेला. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह त्यानेच केला आणि हाँगकाँगचा पहिला गव्हर्नरही तोच झाला.

ब्रह्मदेशाच्या राजांना ही व्यवस्था बोचत होती. थिबाचे वडील मिंडान यांना इंग्लंडच्या राणीशी थेट संबंध हवे होते. १८७२ मध्ये त्यांचे मंत्री किनवुन मिंजी शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. राणीपुढे त्यांना सादर केले ते परराष्ट्रमंत्र्याने नव्हे, तर भारतमंत्र्याने. स्वतंत्र देशाचे वकील हिंदुस्थानच्या खात्यात घातले गेले!

ब्रह्मदेशाच्या राजधानीत, मंडालेला, येणारे अधिकारीही त्याच मुशीतले. रॉबर्ट शॉ मूळचा चहाचा मळेवाला. १८६८-६९ मध्ये तो यारकंद-काशगरपर्यंत पोचला, पुढे लडाखमध्ये सरकारी कामावर लागला आणि शेवटी मंडालेचा रेसिडेंट झाला. १८७९ मध्ये तिथेच तो वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी वकिलातच उठवली. एडवर्ड स्लेडन त्याआधी मंडालेत इंग्रजांचा प्रतिनिधी होता, नंतर आराकानचा कमिशनर. १८८५ मध्ये फौजेबरोबर तो मंडालेत परतला आणि २९ नोव्हेंबरला थिबाची शरणागती घेतली. दरबाराच्या खाणाखुणा त्याला ठाऊक होत्या, आणि हीच ओळख राज्य घेताना कामी आली.

राजाला आधी मद्रासला नेले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत उतरवले. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद: सरकारला असेच ठिकाण हवे होते. भत्ता वाढवून मिळावा म्हणून राजाने व्हाइसरॉयला अर्ज केले. ज्या सरकारने राज्य घेतले, दाद त्याच सरकारकडे मागायची होती. मधे उभा राहणारा त्रयस्थ वकील कुणीच नव्हता. या पद्धतीत साम्राज्याची सोय होती, दुबळ्या राज्यांना मात्र तिने तटस्थ कान कधी दिला नाही. १९१० च्या सुमारास राजवाडा उभा राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला.

स्वतंत्र भारताने ऑक्टोबर १९४६ मध्ये स्थापन झालेली परराष्ट्र सेवा चालवली, तीही आरंभी याच जुन्या खात्यांतल्या माणसांच्या बळावर. पहिले परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन हे सनदी सेवेतून राजकीय खात्यात गेलेले. पण आता ही माणसे स्वतंत्र देशाच्या वतीने बोलत होती.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. राजवाडा पाहणाऱ्यांनी गावातल्या त्या समाधीकडेही अवश्य वळावे.