रंग नंतर, आधी ओटा!

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की मॉड्युलर किचनच्या शोरूमची फेरी ठरलेलीच. चकचकीत शटर आणि बोटाने ढकलताच अलगद मिटणारे ड्रॉवर पाहून गृहिणी हरखते आणि बोलणे थेट रंगावर येते. रंग पुढेमागे बदलता येतो. ओटा, सिंकचे पाइप आणि शेगडीची जागा बदलायची म्हणजे मात्र पुन्हा फोडाफोडी, पुन्हा खर्च.

फ्रिज, सिंक आणि शेगडी या तीन ठिकाणांमध्येच स्वयंपाकघरातली बहुतेक ये-जा होते. त्यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा विचार अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात झाला. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट असावी, असे साधारणपणे मानले जाते. त्याहून कमी असेल तर अडचण, जास्त असेल तर पायपीट.

ओट्याचा आकार मात्र खोलीची रुंदीच ठरवते. ओटा २ फूट रुंद धरला, तर समोरासमोर दोन ओट्यांना ४ फूट लागतात. मधे निदान साडेतीन फूट वाट हवी. म्हणजे साडेसात फुटांपेक्षा अरुंद खोलीत एकाच भिंतीचा सरळ ओटा बरा. चौकोनी खोलीत एल आकार सोयीचा पडतो. छोटे टेबल किंवा खाली बसून भाजी निवडायला जागाही उरते. यू आकारात सामान भरपूर मावते, पण सासू-सुना एकाच वेळी वावरणार असतील तर वाट ४ फूट ठेवावी. खुले किचन फोटोत छान दिसते. सुक्या बोंबलाचा वास दिवाणखान्यात पोहोचतो तेव्हा त्याची किंमत कळते.

उंचीचे माप शोरूमवाले बहुधा घरातल्या पुरुषाला विचारतात, हे काही बरोबर नाही. जी रोज पोळ्या लाटते तिने कोपर दुमडून उभे राहावे आणि कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीतून ४ ते ६ इंच वजा करावेत. पाच फुटी बाईला साधारण ३२ इंचांचा ओटा पुरतो. त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, म्हणजे उंची आणखी वाढली! म्हणून शेगडीपुरता ओटा थोडा खाली घेतला तर खांदे भरून येत नाहीत.

सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असेल तर तो उभाच राहील एवढी जागा सोडावी. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी आणि नळी दीड मीटरहून लांब नसावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो. तेव्हा त्या कप्प्याच्या शटरला तळाशीही भोके हवीतच. सिंकखाली पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो. तिथे आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूडच मागावे, महाग पडले तरी.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी रिकाम्या फ्लॅटच्या फरशीवर खडूने ओटा आखावा. फ्रिजचे दार आणि ट्रॉल्या उघडल्यावर कुठवर येतील तेही आखावे. मग मिसळणाचा डबा, परात आणि कुकर घेऊन प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसता येते.