सनमायकाच्या आत काय आहे?

नव्या घराच्या किल्ल्या हाती आल्या की घरात पहिली चर्चा रंगते ती फर्निचरची. सनमायकाचा रंग कोणता, मुठी पितळी की स्टीलच्या, आरसा कुठे लावायचा, यावर आठ-आठ दिवस खल होतो. पण त्या सनमायकाच्या आत कोणता बोर्ड घालायचा, हा प्रश्न मात्र सुताराने दिलेल्या यादीवर ‘ठीक आहे, आणा’ म्हणून दोन मिनिटांत निकालात काढला जातो. दोन पावसाळे जातात. सिंकखालच्या कपाटाचे दार तळाशी फुगते, बिजागरीचा स्क्रू नुसत्या हाताने बाहेर येतो, पुस्तकांची फळी झोळीसारखी लोंबू लागते. मग दोष सुताराला दिला जातो. पुष्कळदा त्याचे काम चोख असते; बोर्ड तेवढा चुकीच्या जागी लागलेला असतो.

प्लायवूडची करामत

लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पण हा फरक पडतो तो रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायवूडची सारी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. गोल ओंडका यंत्रावर फिरवत, शार्पनरमध्ये पेन्सिल सोलावी तसे त्याचे पातळ पापुद्रे काढतात. एका पापुद्र्याच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या, अशी थप्पी रचून, मध्ये ग्लू लावून ती गरम प्रेसमध्ये दाबतात. प्रत्येक थर शेजारच्या थराला हलू देत नाही. म्हणून आठ बाय चार फुटांचा अखंड पत्रा सहसा तडकत नाही. सागाची तेवढी रुंद फळी मिळणेच कठीण, आणि मिळाली तरी परवडणार कुणाला?

खरी मेख असते ती ग्लूमध्ये. दुकानात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात तो एम.आर. दर्जाचा प्लाय. यात युरिया फॉर्माल्डिहाइडचे रेझिन असते. तो दमट हवा सोसतो, पाणी नव्हे. बी.डब्ल्यू.आर. दर्जात सहसा फिनॉलचे रेझिन असते. हे दोन्ही दर्जे आय.एस. ३०३ या मानकात येतात. आय.एस. ७१० म्हणजे मरीन प्लाय. चाचणीत एम.आर.चा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात ३ तास टिकला की पास; बी.डब्ल्यू.आर.ला ८ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात, तर मरीनला तब्बल ७२ तास. एवढे आकडे लक्षात राहिले तरी दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफच आहे हो’ या आश्वासनाचे वजन कळते.

तेव्हा बेडरूमचे कपाट, टीव्हीचे युनिट यांना एम.आर. पुरेसा. स्वयंपाकघराला बी.डब्ल्यू.आर. हवा, आणि सिंकखाली किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून मरीन. सगळ्या घराला मरीन लावणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मात्र मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकात्यासारख्या दमट हवेत, ओल येणाऱ्या भिंतीला टेकणारे कपाट असेल तर नागपूर-इंदूरच्या हिशोबाने चालू नये.

लाल रंगाला भुलू नका

एके काळी आपल्याकडचे बरेचसे प्लायवूड ईशान्येच्या जंगलांतल्या लाकडापासून बनत असे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने अरुणाचल प्रदेशातल्या तिरप व चांगलांग भागांतली वृक्षतोड आणि प्लायवूडचे कारखाने थांबवले. आज हा धंदा मुख्यतः शेतात लावलेल्या झाडांवर चालतो. हरियाणातल्या यमुनानगरला पॉपलर आणि निलगिरी, तर केरळातल्या पेरुंबावूरला रबराचे लाकूड. पॉपलर हलका व मऊ, निलगिरी जड व कणखर. म्हणून एकाच जाडीचे दोन पत्रे उचलून पाहिले तर वजनात फरक जाणवतो.

वरचा लालसर पापुद्रा मात्र अजून ‘गर्जन’च्या नावाने विकला जातो. हे लाकूड म्यानमारहून येत असे. त्या देशाने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली. शिवाय साध्या पापुद्र्याला लाल रंग चढवणे अजिबात अवघड नाही. तेव्हा पत्र्याची पारख तोंडावरून नव्हे, कडेवरून करावी.

भुशाचे बोर्ड आणि पट्ट्यांचे बोर्ड

लाकडाच्या चुऱ्याचा, भुशाचा किंवा महाराष्ट्रात उसाच्या चिपाडाचासुद्धा रेझिन घालून दाबलेला बोर्ड म्हणजे पार्टिकल बोर्ड. तयार मिळणारी स्वस्त टेबले, शू-रॅक बहुधा याचेच. स्क्रू एकदा बसला की बसला. काढून पुन्हा घातला तर पकड गेली. पाणी लागले की तो फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्या बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबाने यात पैसे घालू नयेत. प्रत्येक उघड-जोडीला सांधे सैल होत जातात.

एम.डी.एफ. त्याहून बारीक. लाकडाचे तंतू सुटे करून दाबल्यामुळे तो आतून-बाहेरून सारखा असतो. नक्षी कोरायची, रंग फवारून गुळगुळीत दार करायचे, तर याला तोड नाही. पण तो जड. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा पत्रा सुमारे ४० किलो भरतो. कडेतून स्क्रू मारला तर चिरतो. पाण्याचे वैर त्यालाही आहेच. ओलाव्याला थोडेफार तोंड देणारे जास्त घनतेचे प्रकार (एच.डी.एच.एम.आर.) आता मिळतात, तरीही सिंकखाली मरीन प्लायच बरा.

ब्लॉकबोर्डाला मात्र लोक उगीच नाके मुरडतात. यात आत लाकडाच्या इंचभर रुंदीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात व दोन्ही बाजूंनी पापुद्रे. हा प्लायपेक्षा हलका आणि लांबीत कमी वाकणारा. सात फुटी कपाटाचे उभे दार, लांब फळी यांना तो फार चांगला. अट एकच, आतल्या पट्ट्या फळीच्या लांबीला धरून धावल्या पाहिजेत. उरलेला तुकडा आडवा फिरवून लावला की फळी बसलीच म्हणून समजा.

फळी का वाकते?

१२ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटरचा बोर्ड घेतला तर फळीचा ताठपणा जवळजवळ चौपट होतो. लांबीचा परिणाम तर याहून मोठा. तेवढ्याच दाटीने पुस्तके ठेवली आणि आधारांतले अंतर निम्मे केले, तर वाक सोळावा हिस्सा राहतो! चार फुटी फळीच्या मध्यावर एक उभी फळी ठोकण्याचा खर्च असा कितीसा?

खरेदीला जाताना

सुतारासोबत घरातले कुणीतरी दुकानात जावे. पत्र्यावर आय.एस.आय. चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि सी.एम./एल.ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला हवा. तो परवाना खरा आहे का, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर पाहता येते. मग कडेकडे बघावे. थरांत भोके, एकावर एक चढलेले पापुद्रे दिसले तर पत्रा परत. फिनॉलच्या ग्लूची रेघ गडद तपकिरी दिसते. नाण्याने टकटक करत जावे. मध्येच पोकळ आवाज आला तर आत जागा सुटलेली असते. बारीक छिद्रे आणि पिठासारखी भुकटी दिसली तर कीड आधीच आत शिरली आहे.

शंका असेल तर एखादा छोटा तुकडा मागून घ्यावा आणि टाकाऊ डब्यात दोन-तीन तास उकळावा. स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये. बी.डब्ल्यू.आर. म्हणून विकलेल्या तुकड्याचे थर तेवढ्यात सुटले, तर दुकानदाराशी पुढची बोलणी सोपी होतात.

भाव चौरस फुटाचा सांगितला जातो; एका पत्र्यात ३२ चौरस फूट. कपाटाची खोली बरोबर दोन फूट ठरवली तर चार फुटांच्या रुंदीतून दोन पट्ट्या निघत नाहीत, कारण करवतीची जाडी मध्ये जाते. खोली पाव इंचाने कमी ठेवली की एकेक पत्रा वाचतो.

नव्या फर्निचरला येणारा, डोळ्यांना झोंबणारा वास रेझिनमधल्या फॉर्माल्डिहाइडचा असतो. मुलांच्या खोलीसाठी ‘ई-१’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागावा, आणि कपाटे तयार झाली की त्यांची दारे व खोलीच्या खिडक्या काही दिवस उघड्या ठेवाव्यात. शेवटचा हात कडांचा. सिंकच्या पाइपासाठी पाडलेले भोक आणि दाराची जमिनीलगतची कड, जी कुणालाच दिसत नाही, ती सुतार निघून जायच्या आत सील करून घ्यावी. पाणी आत शिरते ते तिथूनच.